बुंदीचा शेवटचा पोळा

१० ऑगस्ट, रविवार

बुंदी पायरीवरून पडली आज. पडली म्हणजे काय — मागचे पाय आलेच नाहीत सोबत! पुढचे दोन अंगणात उतरले आणि मागचं धड पायरीवरच राहिलं. ती मान वळवून स्वतःच्याच पायांकडे बघत होती. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

श्रीधर पेपर वाचत होता. (तोंडावर अहो. इथे श्रीधर. इथे कोण ऐकतं!) पेपरातूनच म्हणाला, "वय झालं तिचं. चौदा वर्षं म्हणजे कुत्र्यात खूप झाले." बरोबर आहे. पण म्हणून पेपरच वाचत बसायचं?

सासूबाई दारातून म्हणाल्या, "पोतं टाकून कोपऱ्यात ठेव तिले. आता तिथंच राहीन ते."

नाही राहणार! आमची लेक सायली दुसरीत होती तेव्हा सावरगावच्या मैत्रिणीकडून दप्तरात घालून हिला घेऊन आली. अंगभर पिवळे ठिपके, म्हणून बुंदी. सायली आता पुण्यात नोकरी करते, पण बुंदीचं सकाळचं फिरणं तेव्हापासून माझ्याकडेच आहे आणि ते बंद झालेलं नाही. थंडीत नाही, शाळेतल्या मुलांचे परीक्षेचे पेपर तपासायचे असले तरी नाही.

जुना टॉवेल तिच्या पोटाखालून घेतला, दोन्ही टोकं वर धरली. मागचं मी उचलायचं, पुढचं ती बघेल. अंगणात दोन चकरा मारल्या. जमतं. उद्या रस्त्यावर.

११ ऑगस्ट, सोमवार

गेली! टॉवेलानं, पण गेली — पार वळणापर्यंत. येताना मी दमले, ती नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पाणी फार पिऊन राहिली. खाणं निम्म्यावर आलं. तोंडाला वास येतो, नेहमीचा नाही, वेगळाच.

शाळेतून येताना ढोरांच्या दवाखान्यात विचारलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, रक्त तपासायला पाहिजे, कुत्र्यामांजरांचं सौसरला कुलदीप डॉक्टर बघतात, त्यांच्याकडे न्या.

श्रीधर दुकान बंद करून आला तेव्हा सांगितलं.

"सौसर? कुत्रीसाठी?"

"हो. रविवारी. तुम्ही आलात तर बरं. नाहीतर मी नेते."

"तू? मोठ्या रोडवर गाडी नेशील?"

लायसन आहे माझ्याकडे. गाडी मात्र मी पेट्रोलपंपाच्या पुढे कधी नेलेली नाही, हेही खरं. स्कूटीवरच आयुष्य चाललंय. तरी म्हटलं, "नेईन."

जेवण झाल्यावर म्हणाला, "येतो मी."

१७ ऑगस्ट, रविवार

जाऊन आलो. कुलदीप डॉक्टर वयानं लहान आहेत, सायलीपेक्षा थोडे मोठे असतील. बुंदीनं त्यांच्या टेबलावर हनुवटी टेकली आणि सुई टोचेपर्यंत तशीच राहिली. श्रीधर बाहेर उभा होता. त्याला रक्त बघवत नाही.

सांजेला फोन आला. "मॅडम, किडन्या गेल्या आहेत. सलाईन देऊ, गोळ्या देऊ. बरं वाटेल तिला. बरी नाही होणार."

"किती दिवस?"

"दिवस मोजू नका. खाते आहे, तुम्हाला पाहून शेपटी हलवते आहे, तोवर ठीक. ज्या दिवशी दोन्ही बंद होईल, त्या दिवशी मला फोन करा."

फोन कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कळलं.

ठरवलं आहे — तिच्यासमोर रडायचं नाही. तिला वाटेल तिनंच काहीतरी केलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मीठ नको म्हणाले डॉक्टर. तिचा भात वेगळा शिजवते. आज आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, सुरू झालं, "माणसाईले सकाळची भाकर, अन् कुत्रीले ताजा भात!"  भाताचं पातेलं उतरवलं, पंख्याखाली ठेवलं, निवल्यावर कालवला.

आईंनी इतक्या वर्षांत हिला एकदा हात लावला नाही. स्वयंपाकघराशी आली की "हट्!" बुंदीसुद्धा शहाणी. उंबऱ्यावर हनुवटी ठेवून बसायची — आत नाही, बाहेर नाही! आई पोळ्या लाटताना पाठमोऱ्याच म्हणायच्या, "पाहून राहिली ना? पाहात राय." रोज तेच. रोज दोघी.

सायलीचा व्हिडिओ कॉल. तिचा आवाज ऐकून बुंदीचे कान उभे झाले. मोबाईलच्या मागे जाऊन बघायचं होतं तिला, उठता आलं नाही. सायलीला ते दिसलं.

"आई, मी येऊ का?"

"ये."

"पण ऑफिसमध्ये काय सांगू? कुत्री आजारी आहे म्हटलं तर हसतील."

"हसू दे. खरं सांग."

२० ऑगस्ट, बुधवार

अर्धी वाटी भात. शेपटी — एकदा.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

दरवर्षी आजच्या दिवशी फाटकात उभी राहून सगळ्या गल्लीला वैताग आणते. एकेका बैलजोडीवर भुंकायचं, झूल असेल तर जास्तच! आज घुंगरं वाजली तशी मान वर केली. मी टॉवेल घेतला, फाटकापर्यंत नेली. दोन जोड्या गेल्या. भुंकली नाही, पण बघितलं. शेवटच्या जोडीचा गडी म्हणाला, "काऊन व, आज चूप?"

सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भात नाही, दही नाही. नैवेद्य झाला, पानं वाढली आणि आई पितळी ताटली घेऊन बाहेर आल्या. पुरणपोळीचा तुकडा, वर तूप.

"आई, गोड चालत नाही तिला."

"सण आहे आज. दारचं जनावर उपाशी राहू देत नाहीत." ताटली तिच्यासमोर सरकवली.

खाल्लं! सगळं. तूपसुद्धा चाटलं.

"खाते की," आई म्हणाल्या आणि वळून आत गेल्या.  आजच्या दिवसाला काय पथ्य!

२३ ऑगस्ट, शनिवार

सगळं क्रमानं लिहिते. 

गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरचे लोक एकमेकांवर गोटे फेकतात, ती जत्रा. शाळेला सुट्टी, बाजार बंद. श्रीधर दरसालसारखा नदीकडच्या एका मित्राच्या गच्चीवर गेला. घरात आई आणि मी. नदीकडून लोकांचा आवाज येत होता, मधून ॲम्ब्युलन्सचा. दरवर्षीचाच गोटमारीचा आवाज. बुंदी पडवीत गोधडीवर.

दुपारी भांडी घासत होते. आई ओरडल्या, "वंदना!"

बुंदीचे चारी पाय काठीसारखे ताठ. मान मागे ओढलेली, तोंडाला फेस, डोळे उघडे, पण त्यात ती नव्हती. मी जवळ बसले, हाका मारल्या. थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

श्रीधरला फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. त्या गोंधळात त्याला काय ऐकू येणार! मग कुलदीप डॉक्टरांना.

"आणा तिला, मॅडम. वेळ नका घालवू."

चावी घेतली. गाडी फाटकाशी आणली. आई दारात आडव्या उभ्या.

"आजच्या दिवशी कोणी घराबाहेर निघते काय? एखादा गोटा लागला म्हंजे? श्रीधर येऊ दे."

"आई, ते येईपर्यंत हिचं हेच चालू राहील."

गोधडीची दोन टोकं मी धरली. उचलेना. एवढं अंग कुठून आलं हिच्यात, खात तर काहीच नाही! मग दुसरी दोन टोकं उचलली गेली. आईंनी धरली होती. गाडीत ठेवली. मी दार लावायला गेले तर आई मागच्या सीटवर बसून राहिलेल्या.

"तुम्ही कुठं?"

"चाल. डोकं कोण धरीन तिचं?"

बाहेरच्या रस्त्याला लागायच्या आधीच पोलिसांनी अडवलं. "मैडम, आज उधर से नहीं." मी काच खाली केली तोच मागून आईंचा आवाज, "पेशंट है, भैया!" त्यानं वाकून पाहिलं. नऊवारीतली म्हातारी, मांडीवर कुत्रीचं डोकं, पदरानं फेस पुसून राहिली. त्यानं लोखंडी कठडा बाजूला ओढला.

मग सौसरपर्यंत मी. ट्रक मागून हॉर्न वाजवत होते. वाजवा! घाटासारखं काही नाही त्या रस्त्यावर, तरी घामानं स्टेअरिंग ओलं. मागे बुंदीचा श्वास ऐकू यायचा, मग यायचा नाही, मग पुन्हा यायचा. आई अख्ख्या रस्त्यात एकदाच बोलल्या, "बरोबर चालवून राहिली."

इंजेक्शन दिल्यावर झटके थांबले. बुंदीनं डोळे उघडले, मला ओळखलं. डॉक्टर हात धुवून आले आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"मॅडम, हे आता परत परत होणार. आज करून टाकू का?"

"माझी मुलगी उद्या सकाळी पोचते आहे. थांबता येईल?"

"झटके येणार नाहीत असं औषध देतो. सोमवारपर्यंत. त्याच्या पुढे ओढू नका. तिच्यासाठी सांगतो."

मोहगावला श्रीधरच्या काकांचा, शालिकराम काकाजींचा, संत्र्याचा बगीचा आहे. बुंदी तिथे पोचली की वेडी व्हायची. डॉक्टरांना विचारलं, सोमवारी तिथे याल का? "येतो," म्हणाले.

घरी आलो तर श्रीधर फाटकात. "फोन करायचा ना!"

"केला."

त्यानं खिशातून मोबाईल काढला, पाहिला, परत ठेवला.  बुंदीला उचलून आत नेलं. मग बादली घेऊन गेला आणि गाडीची सीट धूत बसला. बराच वेळ.

२४ ऑगस्ट, रविवार

सायली आली. बॅग दारातच टाकली, पायातलं न काढता पडवीत बुंदीशेजारी आडवी झाली. बुंदीनं शेपटी उचलली. हलवली म्हणणार नाही — उचलली. सायलीला तेवढं पुरलं.

सांजेला श्रीधरला सांगितलं, उद्या मोहगाव.

"म्हणजे मारायचं तिला."

"झोपवायचं."

"शब्द बदलला तर काय बदलते? ज्यानं जीव दिला तो नेईन. आपण कोण?"

"काल तुम्ही पाहिलं नाही. मी पाहिलं. मी तिला पुन्हा त्यातून जाऊ देणार नाही."

"तू विचारून राहिली की सांगून राहिली?"

 सायली म्हणाली, "बाबा, प्लीज..."

तो आईंकडे वळला. "आई, तू सांग हिला. पाप आहे की नाही?"

आई वाती वळत होत्या, बुधवारी गणपती बसायचे म्हणून. हात थांबला. मला वाटलं आता सुरू होणार. आई म्हणाल्या, "मले नको विचारू. माझ्या मांडीवर होतं तिचं डोकं."

श्रीधर उठून गेला. जाताना म्हणाला, "मी येणार नाही."

"नका येऊ."

लागला शब्द त्याला. दिसलं. मागे घेतला नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी शाळेत फोन केला. मुख्याध्यापकांना सरळ सांगितलं — सर, आमच्या कुत्रीचा आज शेवटचा दिवस आहे, मी येणार नाही. पलीकडून "ठीक है, मैडम. कल आइए." मी ताप आला म्हणू शकले असते. नाही म्हटलं. बुंदीसाठी ताप कशाला आणायचा?

श्रीधर लवकरच दुकानात गेला. गाडीची चावी टेबलावर ठेवून. आई फाटकापर्यंत आल्या, गाडीच्या काचेतून बुंदीकडे पाहिलं, म्हणाल्या, "जाय बाई." मग मला, "सांभाळून जा."

शालिकराम काकाजींनी बांधाजवळ, शेवटच्या ओळीतल्या झाडाखाली खड्डा करून ठेवला होता. फळं अजून हिरवी, पण फांद्या वाकलेल्या. "सूनबाई, इथं पाणी नाही साचत," एवढंच म्हणाले, आणि गडीमाणसांना पलीकडच्या टोकाला घेऊन गेले. भला माणूस.

गवतावर गोधडी टाकली. बुंदीनं नाक वर केलं. वारा होता. नाकपुड्या हलत होत्या तिच्या. काय काय वास येत असतील — माती, ओलं गवत, काकाजींची गाय. बराच वेळ ती फक्त वास घेत होती. घेऊ दिला. डॉक्टर आले होते, पण तेही मोटरसायकलपाशीच थांबले.

मग मीच हात केला.

पहिलं इंजेक्शन झोपेचं. सायली तिच्या कानात काहीतरी बोलत होती, लहानपणचं, दप्तराचं. मी तिचा पुढचा पंजा धरला. दुपारी झोपायच्या आधी ती एक मोठा उसासा टाकायची, घरभर ऐकू यायचा. तसाच टाकला. मग दुसरं इंजेक्शन. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं.

"झालं, मॅडम."

पंजा माझ्या हातात तसाच गरम.

मी रडले नाही. सायली रडली. दोघींतल्या एकीला फावडं धरायचं होतं. गोधडीसकट ठेवली. माती मीच लोटली, काकाजी घ्यायला आले तरी दिलं नाही फावडं. वर दगड लावले, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून.

घरी आल्यावर फाटक हळूच उघडलं — ती दाराशी झोपलेली असते, फाटक लागतं तिला. मग आठवलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दूधवाला आला. कोणी भुंकलं नाही. तोही दूध घालून जरा वेळ उभाच राहिला.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. आरतीला चौघंही होतो. श्रीधर आणि मी बोलत नाही. म्हणजे बोलतो — "कापूर?" "डबीत." "आगपेटी?" "तिथंच."

आईंनी मोदकाचं ताट ठेवलं आणि उंबऱ्याकडे पाहिलं. सवयीनं. मी पाहिलं ते त्यांना कळलं. "उद्या सायलीले डबा काय देऊन राहिली?" म्हणाल्या.

३० ऑगस्ट, शनिवार

सायली परवाच गेली. सकाळी जाग आली, नेहमीच्याच वेळी. पडून राहिले. मग वाटलं — का? फिरणं तिचं एकटीचं थोडंच होतं!

चपला घातल्या, निघाले. हात फार रिकामे. कुठे ठेवायचे तेच कळेना. शेवटी मागे बांधले, हेडमास्तरसारखे.

वाटेत सगळे विचारतात. "बुंदी कुठं?" "आज एकटीच?" मी ठरवलं होतं, गोल बोलायचं नाही. "गेली. सोमवारी." प्रत्येकाला तेच. पहिल्यांदा दोनदा म्हणावं लागलं. देवळापाशी पोचेपर्यंत स्वच्छ म्हणता येऊ लागलं. "गेली." लोक एवढंच म्हणतात, "अरे!" पण त्या "अरे"मध्ये खूप असतं. ओळखायचे सगळे तिला.

शाळेत चंचल मॅडम म्हणाल्या, "इतना क्या, वंदना! दूसरा ले आ." त्यांच्या मनात वाईट नाही. पण मी पटकन म्हटलं, "तुमची आई गेल्यावरही असंच म्हणू का?" वर्ग सुरू झाले म्हणून बरं! मधल्या सुट्टीत जाऊन सॉरी म्हटलं. त्यांनी डब्यातलं लोणचं दिलं.

उद्याही जाणार फिरायला. परवाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज रडले. चक्कीवर!

ज्वारी दळायला घेऊन गेले होते. डबा पट्ट्याजवळ ठेवला, वाट बघत उभी होते. काही आठवलं असंही नाही. समोर पीठ पडत होतं, गरम, पांढरं, आणि एकदम सुरूच झालं. पोटातून. थांबवायला गेले तर जास्त. मग थांबवलंच नाही. चक्कीचा एवढा आवाज की मी मोठ्यानं, गळा काढून रडले तरी कोणाला ऐकू गेलं नाही! चक्कीवाला पाठमोरा. त्यानं पट्टा बंद केला तेव्हा मी तोंड पुसलेलं होतं. चेहऱ्यावर पीठ. म्हणाला, "ताई, डोळ्यात गेलं काय?"

"गेलं."

हलकं वाटतंय. भूक लागली, कितीतरी दिवसांनी. दोन भाकरी खाल्ल्या, वांग्याच्या भाजीशी.

९ सप्टेंबर, मंगळवार

श्रीधर पिल्लू घेऊन आला.

दुकानातून येताना, खोक्यात. काळं, पोट मोठं, कान अजून पडलेले. खोकं माझ्यासमोर ठेवलं आणि उभा राहिला. "रामाकोन्याचा एक शेतकरी येतो दुकानात. त्याच्याकडं झाले होते." नवरा माझा, पण एवढा अवघडलेला मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

आई म्हणाल्या, "पितरं सुरू झाले अन् नवीन जीव घरात?"

मी पिल्लाला उचललं. अंगाला दुधाचा वास. बोट चाटलं. गोड आहे. फार गोड आहे! आणि माझ्या मनात काहीच हललं नाही. दुसऱ्याचं बाळ मांडीवर घ्यावं तसं.

"परत नेऊन द्या."

"अगं..."

"मला नको. आत्ता नको. बुंदीची जागा भरायची म्हणून आलेलं कुत्रं मला रोज चुकीचं वाटेल. त्यात ह्याचा काय दोष?"

तो खाली बसला, खोक्याशेजारी. आई उठून आत गेल्या, त्यांना कळतं. आणि मग श्रीधर बोलला. त्या दिवसापासून पहिल्यांदा.

"तू मला विचारलं नाहीस, वंदना. सांगितलंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो. मग भांडलो असतो. मग आलो असतो." पिल्लू त्याच्या बुटाची लेस ओढून राहिलं होतं. "ती मला विचारायची रोज. दुकानातून आलो की हात हुंगायची, कुठं कुठं गेला होतास म्हणून. मी तिला शेवटचं हातही लावला नाही. मला वाटलं तू थांबवशील. ये म्हणशील एकदा. तू म्हणाली नका येऊ."

 मी केलं ते बरोबरच केलं. आजही तेच करीन. पण त्याला बाहेर ठेवून केलं. दोन्ही खरं आहे. तसं सांगितलंही त्याला, असंच्या असं. त्यानं मान हलवली. मग आम्ही दोघं त्या पिल्लाकडे बघत बसलो. त्यानं फरशीवर शू केली.

"हे पण चुकीचंच," श्रीधर म्हणाला. आणि मला हसू आलं! हसता हसता रडू, पण आधी हसू.

पुढे ठरलं. मी ठरवलं नाही, आम्ही ठरवलं — पिल्लू मोहगावला, काकाजींकडे. बगीच्यात राखणीला कुत्रं नाहीच त्यांच्याकडे.

१४ सप्टेंबर, रविवार

पिल्लू पोचवलं. काकाजी खूश. "वाघ्या म्हणू काय?" म्हणाले. त्यानं लगेच गाईच्या शेपटीवर उडी मारली आणि लाथ थोडक्यात चुकवली. निभेल!

मग दोघं बांधापर्यंत गेलो. दगडांवर गवत चढायला लागलं आहे. श्रीधर खाली बसला. तळवा मातीवर ठेवला, तसाच ठेवून राहिला. मी थोडी दूर गेले, झाडं बघत. त्याचं त्याला करू दिलं.

गाडीत म्हणाला, "सकाळी मीही येत जाईन तुझ्यासोबत. फिरायला."

"उठाल?"

"उठव तू."

१६ सप्टेंबर, मंगळवार

शाळेतून आले. श्रीधर आज दुकानातून लवकर आला होता, पडवीत पेपर वाचत होता. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून होत्या. "वंदना, दार लोट." माझा हात धरला, पदराआड नेला, डाव्या छातीवर ठेवला.

"हे पाह्य."

गाठ. लिंबाएवढी. टणक.

"केव्हापासून?"

"पोळ्याच्या आधीपासून. तुझं बुंदीचं चालू होतं. म्हटलं, एका वेळी एकच." मग म्हणाल्या, "श्रीधरले नको सांगू."

मी त्यांचा हात सोडला नाही. तिथूनच हाक मारली — "अहो! इकडे या. आत्ता!"